घोट्याच्या टेपिंगसाठी क्रेमरचा टफ-स्किन स्प्रे: घ्यावा का, वापरावा कसा

घोटा मुरगळू नये म्हणून बांधलेली टेप सुटते ती बहुतेक वेळा खालच्या कातडीमुळे. घामेजलेल्या पायावर चांगल्यातली चांगली टेपही पहिल्या सत्रातच सैल होते. टफ-स्किन हा कातडी चिकट करणारा स्प्रे नेमकं हेच सांभाळतो. दमट हवेत खेळणाऱ्या संघाच्या पेटीत तो असायलाच हवा. टेप दुय्यम दर्जाची चालेल, पण त्याखाली स्प्रे हवाच.

क्रेमर कंपनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली. गार्डनर गावात चक क्रेमर यांनी 1918 च्या सुमारास खेळाडूंसाठी चोळायचं औषध बनवून सुरुवात केली, पुढे भाऊ फ्रँक सोबतीला आले. 1950 साली कॅन्सस सिटीत अ‍ॅथलेटिक ट्रेनरांची, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्यांची, राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिला सुरुवातीचं आर्थिक बळ याच भावांनी दिलं. रोज घोटे बांधणाराच गिऱ्हाईक असला की माल त्याच्या हाताला बसेल असा करावा लागतो, आणि या स्प्रेत ते जाणवतं.

वापर सोपा आहे, पण क्रम चुकला की पैसे वाया. खेळाडूला टेबलावर बसवा, पोटरीचा खालचा भाग टेबलाबाहेर, पाऊल 90 अंशात. बोटं खाली झुकली की टेप उभं राहिल्यावर ढिली पडते, म्हणून बांधून होईपर्यंत पाऊल वर ओढून धरायला सांगा. पाय कोरडा हवा, केस काढलेले हवेत. साधारण वीतभर अंतरावरून हलका स्प्रे मारा आणि हात लावल्यावर चिकट लागेपर्यंत थांबा. ओल्यावरच गुंडाळलं तर प्रीरॅप, म्हणजे टेपखाली गुंडाळायची पातळ स्पंजची पट्टी, सरकतो. टाचेमागच्या शिरेवर आणि पावलाच्या वळणावर व्हॅसलिन लावलेले दोन छोटे पॅड ठेवा, नाहीतर तिथेच फोड येतो.

प्रीरॅपचा एकच थर द्या. दोन-तीन थर दिले की टेप कातडीला न धरता स्पंजवर फिरत राहते. त्यावर 38 मिमी रुंदीची न ताणणारी पांढरी टेप: वर, पोटरीच्या गोळ्याखाली, दोन अँकर (बाकीच्या पट्ट्या ज्यांना धरतात ते पायाभोवतीचे फेरे), निम्मे कातडीवर आणि निम्मे प्रीरॅपवर. मग आतल्या बाजूने टाचेखालून बाहेर खेचत तीन स्टिरप, म्हणजे रिकिबीसारख्या उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या निम्म्यावर. शेवटी फिगर ऑफ एट (घोटा आणि पावलाभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा) आणि दोन्ही बाजूंचे हील लॉक (टाच जखडणारे तिरके फेरे). हील लॉक वगळला तर टाच आतल्या आत हलतच राहते, आणि घाईत हाच टप्पा गाळला जातो. 13.7 मीटरच्या रोलपैकी निम्म्याहून जास्त एका घोट्यालाच लागतो, त्यामुळे संघासाठी मागणी देताना हात आखडता घेऊ नका.

वरचा अँकर पोटरीच्या गोळ्यावर चढला तर पायात गोळा येतो. करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर हाडाचा जो उंचवटा लागतो त्यावर टेप आवळली तर खेळाडू दहा मिनिटांत लंगडायला लागतो. सुरकुती राहिली तर पट्टी काढून नवी लावा, वरून दाबून ती जात नाही. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परतला नाही तर सगळं उघडायचं.

अनवाणी खेळात मात्र टेपचा फायदा मर्यादितच. मातीवरच्या कबड्डीत किंवा खो-खोत तळव्याखालच्या पट्ट्यांना माती लागते, कडा वळतात आणि पायाची पकड जाते. तिथे तळव्याखाली शक्य तितक्या कमी पट्ट्या घ्या. मॅटवर बूट घालून खेळणाऱ्यांना ही अडचण येत नाही. तसंही कितीही नीट बांधली तरी खेळताना अर्ध्या तासात टेपचा आधार बराच कमी होतो. ज्याचा घोटा आधी मुरगळला आहे त्याला टेपचा खरा उपयोग. रोजच्या सरावासाठी मात्र दोरीने आवळायचा लेस-अप ब्रेस (घोट्याचा पट्टा) स्वस्त पडतो, शिवाय तो मध्येच पुन्हा आवळता येतो.

स्प्रेबद्दल एक गंभीर इशारा: कातडी चिकट करणाऱ्या अशा स्प्रेंमध्ये बहुधा राळ किंवा लोबानाचा अर्क असतो, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. आदल्या दिवशी दंडाच्या आतल्या बाजूला थोडा मारून पाहा. खरचटलेल्या जागी अजिबात नको. डबा ज्वालाग्राही आहे, मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. टेपचे रोलही तिथे नकोत, गरमीने गोंद पाझरून थर एकमेकांना चिकटतात आणि ऐन वेळी टेप फाटत येते. रोल चपट्या बाजूवर ठेवा, दाबून अंडाकृती झालेला रोल एकसारखा सुटत नाही.

काढताना आतल्या घोट्याच्या हाडामागच्या मऊ खाचेतून कात्री चालवा. कातडी एका हाताने दाबून धरा आणि टेप मागे दुमडत, कातडीलगत ओढा. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो. तेल साबणाने पूर्ण धुवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्प्रे धरत नाही.