१० इंची सबवूफरचा सुट्या फळ्यांचा किट: कापणी छान, आधार भलत्याच जागी

सबवूफर म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा स्पीकर. त्याच्या डब्याच्या या किटच्या खोक्यातून निघतं ते असं: १८ मिमी एमडीएफच्या सहा फळ्या, कोपऱ्यांत बसवायच्या चार चौकोनी पट्ट्या (१९ × १९ मिमी पाइन), दोन चपट्या पट्ट्या (४० × १८), ७५ मिमी पीव्हीसी पाइपचा २२.८ सेंमीचा तुकडा (डब्यातल्या हवेला बाहेर यायची वाट), ४ × ४० चे बत्तीस चिपबोर्ड स्क्रू, पाव किलो पांढरा गोंद, मीटरभर वॅडिंग (आतून लावायचा कापसासारखा थर) आणि मागचा टर्मिनल कप (वायर जोडायची वाटी). ड्रायव्हर, म्हणजे कोन आणि चुंबक असलेला खुद्द स्पीकर, आपला आपण आणायचा. विकणाऱ्याचं नाव देत नाही. याच धाटणीचा कुठलाही किट घेतलात तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी चांगलं ते. कापणी सीएनसीवर झालेली आहे आणि ती सरस आहे. डबा जोडून झाल्यावर बाहेरचं माप ४८० × ३४० × ४२० मिमी येतं. बाजूच्या फळीचे कर्ण मोजले तर दोन्ही ६३८ च्या आसपास, फरक मिलिमीटरच्या आत. गल्लीतल्या सुताराकडे पॅनेल सॉ नसेल तर इतका काटकोन त्याच्याकडून निघणं कठीण. ड्रायव्हरचं २३५ मिमीचं भोकही स्वच्छ आहे. मात्र ते सगळ्याच १० इंची ड्रायव्हरना चालत नाही, म्हणून मागवण्याआधी आपल्या ड्रायव्हरच्या कागदावर कटआउटचा आकडा बघून घ्या. भोक मोठं करणं जमतं, लहान करणं नाही. खर्चाचा हिशेब करायचा तर असे दोन डबे, त्यांच्या आतल्या आधारांसकट, ८ × ४ फुटी एका शीटमध्ये आरामात बसतात. शीट, कटिंग आणि टेम्पो मिळून जे होईल त्याच्याशी किटची किंमत ताडून पाहा. एकच डबा करायचा असेल तर किट परवडतो, जोडी करायची असेल तर बहुधा नाही.

एक खोट व्हर्निअर लावल्यावर दिसते. खाचा बरोबर १८.० मिमीच्या आहेत, फळी भरते १७.७. पांढरा गोंद फट भरत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट चिकटले तरच त्याची ताकद. ०.३ मिमीच्या फटीत तो वाळून आकसतो आणि सांधा नुसता धरल्यासारखा राहतो. त्यामुळे खाचेच्या सांध्यांना इपॉक्सी वापरा आणि सोबतचा गोंद कोपऱ्यांच्या पट्ट्यांसाठी ठेवा. एमडीएफची कड गोंद पिऊन टाकते, म्हणून आधी एक पातळ हात द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात देऊन शिकंजे आवळायचे. रात्रभर हलवायचं नाही.

आता मुख्य तक्रार. माहितीपत्रकात ‘हेवी ब्रेसिंग’, म्हणजे आतून भक्कम आधार, असं ठळक छापलंय. प्रत्यक्षात लाकूड आहे, पण भलत्या जागी. सतरंजी चौघांनी चार कोपऱ्यांना धरून ताणली तरी झोळ मध्येच पडतो. फळीचंही तसंच असतं. कडेला ती शेजारच्या फळीला जखडलेली असते, तिथे ती हलतच नाही. कोपऱ्यातल्या पट्ट्यांनी गोंदाची जागा वाढते, हवेची गळती थांबते, आणि तेवढं पुरे. त्यांना ब्रेसिंग म्हणणं म्हणजे उंबरठ्याला खांब म्हणण्यासारखं आहे.

मध्यावर येणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या आडव्या पाडून चिकटवायच्या आहेत. पट्टीचा ताठपणा तिच्या उभ्या मापाच्या घनाने वाढतो. तीच ४० × १८ ची पट्टी धारेवर उभी केली की जवळपास पाचपट ताठ होते, लाकूड तेवढंच. किटमधल्या पट्ट्यांचा दुसरा काही उपयोग करणार नसाल तर निदान एवढं तरी करा.

पण फळीला नुसती बरगडी लावण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन फळ्या एकमेकींना बांधणं केव्हाही चांगलं. कारण असं: १० इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण ३३० चौ.सेंमी असतं. तो ८ मिमी आत गेला की पाव लिटरहून थोडी जास्त हवा दाबतो. पाइप बुजवून ४६ लिटरचा बंद डबा धरला तर आतला दाब सुमारे ८०० पास्कलने चढतो. बाजूची फळी आतून ४४४ × ३८४ मिमी, म्हणजे तिच्यावर सुमारे १४ किलोचा रेटा येतो. ४० हर्ट्झचा सूर असेल तर हा रेटा सेकंदाला चाळीस वेळा बाहेर आणि चाळीस वेळा आत. डाव्या-उजव्या दोन्ही फळ्या एकाच क्षणी बाहेर ढकलल्या जातात. मध्ये दांडी घातली की एकीचा रेटा दुसरीला रोखतो.

या डब्यात काय बसवता येतं ते ड्रायव्हरच ठरवतो. आतल्या तळापासून २६८ मिमीपर्यंत ड्रायव्हरचं भोक आहे, पाइपचं भोक ३३१ पासून सुरू होतं. या दोन भोकांमधल्या जागेत, तळापासून २९० मिमीवर, आडवा खिडकी-ब्रेस (मध्ये खिडक्या कापलेली आधाराची फळी) बसतो. १८ मिमीच्या फळीतून ३८४ × ३०४ चा तुकडा कापायचा (समोरच्या फळीला पुढे सांगितलेला दुसरा थर देणार असाल तर ३६६ × ३०४ चा), चारही कडांना ४० मिमी सोडून मधला भाग काढायचा आणि मधोमध ४० मिमीची एक पट्टी राखायची. निम्मं क्षेत्र उघडं राहतं, तेवढं हवेला पुरतं. तुकडा प्रत्येक बाजूला चौथाई मिलिमीटर लहान कापा आणि फट इपॉक्सीने भरा. घट्ट ठोकून बसवलेला ब्रेस फळीला पोट आणतो आणि पलीकडचा सांधा उघडतो. सैल राहिलेला ब्रेस त्याहून वाईट, तो खडखडतो, आणि डबा बंद झाल्यावर तिथे हात पोचत नाही.

एवढ्याने भागतं का? बाजूच्या फळीच्या कडा बिजागरीसारख्या धरल्या तर तिचा पहिला नाद, म्हणजे ज्या सुराला फळी आपसूक झणझणते तो, साधारण २२० हर्ट्झवर पडतो. पक्क्या जखडल्या तर ४०० च्या आसपास. खरा आकडा या दोहोंमध्ये कुठेतरी. २९० मिमीवरच्या ब्रेसमुळे मोठा राहिलेला तुकडा २९० × ३८४ चा, त्याचा बिजागरी-हिशेब ३४५ हर्ट्झ येतो. म्हणजे दीडपटीपेक्षा थोडं जास्त. बरं आहे, पण भारी नाही. म्हणून दोन गोष्टी आणखी घाला. एक, चुंबकाच्या मागे, तळापासून १३० मिमीवर, १८ × ६० ची पट्टी धारेवर उभी करून डावी-उजवी बाजू जोडायची आणि मागच्या फळीलाही चिकटवायची. दोन, ३० × ३० चा टेकू, तळापासून ब्रेसपर्यंत आणि ब्रेसपासून छतापर्यंत. तो मधोमध न ठेवता थोडा मागे सरकवा, नाहीतर चुंबकाला लागेल. ब्रेसने फळीचे असमान भाग केले पाहिजेत, म्हणजे दोघांचा नाद एक होत नाही, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. ८० हर्ट्झला कापलेल्या (त्यावरचे सूर न वाजवणाऱ्या) सबवूफरसाठी तो नुसता कीस काढण्याचा प्रकार आहे. इथे सगळे नाद आधीच वापराच्या पट्ट्याच्या वर आहेत, आपल्याला हवा आहे तो नुसता ताठपणा.

फुल-रेंज, म्हणजे सगळे सूर वाजवणाऱ्या, स्पीकरचा डबा असता तर गोष्ट वेगळी. तिथे नाद वर ढकलला की तो नेमका गायकाच्या गळ्याच्या पट्ट्यात येऊन बसतो. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरमध्ये म्हणूनच पातळ बर्च प्लाय आणि आतून डांबरी थर आहे. जाड भिंतींऐवजी नाद खाली ठेवायचा आणि तो शोषून घ्यायचा, असा विचार. बी अँड डब्ल्यू या स्पीकर कंपनीच्या मॅट्रिक्स डब्यांनी उलट टोक गाठलं, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. दोन्ही बरोबर, आपापल्या जागी. कारला लावतात ती डांबरी शीट या सबवूफरमध्ये चिकटवली तर वजन वाढेल, बाकी फारसं काही नाही.

सगळ्यात अशक्त फळी समोरची, आणि तिच्याकडे किटमध्ये कुणी बघितलेलंच नाही. आतली रुंदी ३०४, त्यात २३५ चं भोक. दोन्ही बाजूंना उरतात जेमतेम ३४-३४ मिमी. ड्रायव्हरचं सगळं वजन आणि सगळा धक्का या दोन काड्यांवर. मागून आणखी एक १८ मिमीची फळी लावून ती ३६ ची करा. मागच्या थरातलं भोक मोठं घ्या आणि कड ४५ अंशांत उतरवा, नाहीतर ३६ मिमीच्या नळकांड्यात कोनच्या मागची हवा कोंडते. ड्रायव्हरसाठी एम५ चे टी-नट (मागून फळीत रुतणारे पाकळ्यांचे नट) वापरा. हातोडीने ठोकले तर एमडीएफ फुटतं. बोल्टने हळूहळू आत ओढून घ्या आणि पाकळ्यांखाली अराल्डाइट लावा. बोल्ट पहिल्यांदा आत घालताना नट मागे ढकलला जाणं ही नेहमीची रड आहे.

पाइपची गंमत सांगण्यासारखी आहे. किटचा कागद म्हणतो: ५२ लिटर, ७५ मिमी पाइप, ३० हर्ट्झ ट्यूनिंग (पाइपमधली हवा ज्या सुराला सगळ्यात जास्त झुलते तो सूर). सूत्रात हेच आकडे घातले की लांबी येते २२.८ सेंमी, आणि तुकडा तेवढाच दिलाय. पण ५२ लिटर हा रिकाम्या डब्याचा आकडा. ब्रेस, टेकू, पट्टी, दुसरा थर, ड्रायव्हर आणि खुद्द पाइप वजा केले की उरतात साधारण साडेपंचेचाळीस. दुसरीकडे, प्लंबिंगच्या पाइपवर छापलेले ७५ हा बाहेरचा व्यास असतो, आतून हा ७० भरला. खऱ्या आकड्यांनी लांबी येते २३ सेंमी. दोन चुकांनी एकमेकींना बरोबर कापलं! वर सांगितलेले सगळे आधार घातल्यावर ट्यूनिंग ३० वरच बसतं. मात्र कुणी हौसेने हा तुकडा टाकून आतून खरा ७५ मिमीचा पाइप तेवढ्याच लांबीचा लावला तर ते ३२ वर जाईल. तपासायला मोबाइलवरून २५ ते ४० हर्ट्झचे साधे सूर एकेक करून वाजवा. ज्या सुराला कोन सगळ्यात कमी हलतो आणि पाइपमधून वारा सगळ्यात जास्त येतो, ते ट्यूनिंग. १० इंची ड्रायव्हरला ७० मिमीचा पाइप तसा तोकडाच. जोरात वाजवलं की फुसफुस ऐकू येते, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने गोल केली की थोडी कमी होते.

स्क्रूसाठी ३ मिमीचं भोक आधी पाडा, कोपऱ्यापासून किमान ५० मिमी सोडून, दर १५० मिमीवर एक. भोक न पाडता एमडीएफच्या कडेत स्क्रू घातला तर कड पुस्तकासारखी उघडते. गळती शोधायला उदबत्ती उत्तम: ३० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवरून फिरवा, जिथे धुराची रेघ थरथरते तिथे सिलिकॉन. आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं तर २४ तास ड्रायव्हर बसवू नका, त्या वाफा धातूला चांगल्या नाहीत. वॅडिंग पाइपच्या तोंडापासून दूर, मागच्या आणि बाजूच्या फळ्यांना लावायचं, कोंबायचं नाही.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. एमडीएफची उघडी कड पावसाळ्यात फुगते, विशेषतः स्क्रूभोवती. सँडिंग सीलरचे दोन हात आणि वर पीयू प्रायमर, आतून ड्रायव्हरच्या भोकाच्या कडेलाही. किटवाला एचडीएचएमआरचा (एमडीएफसारखीच, पण जास्त घट्ट फळी) पर्याय देत असेल तर तो घ्या, दमटपणा बराच जास्त सोसतो. स्वस्त कमर्शिअल प्लायचा पर्याय मात्र नको. त्याच्या मधल्या थरात पोकळ्या असतात आणि बेसला त्या बुझ्झ करतात. कुठून आवाज येतोय ते शोधताना माणूस वेडा होतो.

आधार लागू पडले का हे बघायला डबा कुशीवर निजवा, वरच्या फळीवर रांगोळीची पूड भुरभुरवा आणि १०० ते ५०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवत न्या. फळी जिथे नाचते तिथून पूड पळते आणि शांत रेघांवर गोळा होते. ब्रेस बसवण्याआधी (समोरची फळी नुसत्या शिकंज्यांवर धरून) आणि नंतर असं दोनदा केलंत तर फरक डोळ्यांनी दिसतो. समोरची फळी कायमची चिकटवण्याआधी हे करा. आठवड्याभराने ड्रायव्हरचे बोल्ट पुन्हा पाव फेरा आवळा, तोवर गॅस्केट दबून बसलेलं असतं.