चंद्रावरची गाडी: चालायला उत्तम, मडगार्ड कच्चं

चंद्रावरून सर्वांत शेवटी परतलेले जीन सर्नन १६ जानेवारी २०१७ रोजी गेले. डिसेंबर १९७२ मध्ये त्यांनी आणि हॅरिसन श्मिट यांनी फिरवलेली अपोलो १७ ची गाडी मात्र टॉरस-लिट्रो दरीत अजून उभी आहे. नव्या चांद्रगाड्यांची आखणी चालू असताना या जुन्या गाडीचे गुणदोष पाहायलाच हवेत.

वजन २१० किलो, पण स्वतःच्या दुपटीहून जास्त भार उचलते. टायर रबराचे नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांचं विणलेलं जाळं आणि पकडीसाठी वर टायटॅनियमच्या पट्ट्या. प्रत्येक चाकाला स्वतःची पाव अश्वशक्तीची मोटर, त्यामुळे एखादी बंद पडली तरी गाडी अडत नाही. स्टिअरिंगऐवजी दोन आसनांच्या मध्ये इंग्रजी टी अक्षरासारखा दांडा आहे. पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक. फुगलेल्या हातमोज्यांसाठी हीच रचना योग्य. सर्नन यांनी ती ताशी १८ किलोमीटरपर्यंत पळवली.

खरी कटकट मडगार्डची. सर्नन यांच्या खिशातला हातोडा अडकून मागच्या उजव्या मडगार्डचा तुकडा निघाला. टेपने चिकटवला, पण धूळभरल्या पृष्ठभागावर टेप टिकणार कशी? तुकडा वाटेतच पडला आणि चाकाने उडवलेली धूळ थेट अंगावर यायला लागली. तिथे हवा नसल्याने ती तरंगत नाही, उडते तशी खाली येते. काचेसारखी टोकदार असल्याने पोशाखाचे सांधे घासते, आणि काळपट असल्याने बॅटरीच्या झाकणांवर बसली की बॅटरी तापते. शेवटी यानाच्या आत, स्वच्छ जागेत, चार जाड नकाशे टेपने जोडून दिव्याच्या चिमट्यांनी गाडीला लावले. हा जुगाड शेवटपर्यंत टिकला! पुढे तसं फिरून गाडीने एकूण ३५.९ किलोमीटर अंतर कापलं.

दुसरी मर्यादा बॅटरीची. ३६ व्होल्टच्या दोन, त्याही पुन्हा चार्ज न होणाऱ्या. तीन दिवसांच्या मुक्कामाला पुरल्या, एवढंच. शिवाय गाडी बंद पडली तर चालत परतता यावं म्हणून यानापासून फार लांब जाता येत नसे. कमाल अंतर ७.६ किलोमीटर.

आता चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे जायचं तर दोन आठवड्यांच्या कडाक्याच्या थंड रात्रीचा प्रश्न आधी येतो. २०२३ मध्ये चंद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर एका चांद्रदिवसानंतर (पृथ्वीवरचे सुमारे दोन आठवडे) पुन्हा जागा झाला नाही, तो बहुधा या थंडीमुळेच. नव्या गाडीला चार्जिंग, बॅटरी गरम ठेवण्याची सोय आणि माणसं नसताना पृथ्वीवरून चालवता येणं, हे तिन्ही लागेल. आणि मडगार्ड स्क्रूने बदलता येईल असं द्या, सोबत दोन जादा.