लायसन्स गेलं, रेडिओ राहिला

माझं काम शिवणाचं. डोळे सुईवर, पाय मशीनवर. रिकामे राहतात ते कान. त्या कानांचं हे मत.

आधी मी पैसे भरून गाण्यांचं एक खासगी अ‍ॅप ऐकायचे. त्याला माझी आवड इतकी पाठ झाली की तीच वीस गाणी गोल गोल फिरायला लागली. ते काढून आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' घेतलं. फुकट आहे आणि देशभरातल्या २०० हून जास्त वाहिन्या त्यावर ऐकू येतात. आकाशवाणीला माझी आवड मुळीच ठाऊक नाही, आणि हेच मला आवडतं. नाट्यगीताच्या आशेनं लावावं, तर कोणी बोंडअळीवर बोलत असतं. मी जन्मात कापूस पेरलेला नाही, पण अस्तर लावता लावता ऐकते. निवेदकही घाई करत नाहीत. गाण्याचे गीतकार-संगीतकार सांगतात, ही गोष्ट आता दुर्मीळच झाली आहे.

फुकट म्हटलं खरं, पण वडिलांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक सापडलं आणि विचार बदलला. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे नि शिक्का मारून आणायचा. ही पद्धत फार जुनी. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, ते सरकारी नव्हतंच मुळी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी ते चालवायची. लायसन्स वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीचे. तेव्हाचे दहा रुपये! घेणार किती जण? तीन वर्षं भरायच्या आत कंपनी बुडाली. १९३० मध्ये सरकारनं कारभार हातात घेतला, १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव दिलं, आणि हातात घेतलेलं काही सोडलं नाही.

त्याचे परिणाम दोन्ही तऱ्हांचे. पुणे केंद्रानं १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू केलं. वर्षभर, आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. गिऱ्हाईक किती मिळेल याचा हिशोब करणाऱ्यानं हा उद्योग केला नसता. त्याच सुमारास दिल्लीत माहिती व प्रसारण खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना सिनेमाची गाणी खपत नव्हती. ती रेडिओवरून हटली तशी माणसं श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. एका माणसाच्या कानाला रुचेना म्हणून अख्ख्या देशाचे कान परक्या स्टेशनवर!

हे टळावं म्हणून प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाचा कायदा झाला १९९० मध्ये. अमलात यायला १९९७ उजाडलं. आकाशवाणी आणि दूरदर्शन या महामंडळाखाली आले. दूरदर्शन तसं आकाशवाणीच्याच घरात १९५९ मध्ये जन्मलेलं, १९७६ मध्ये वेगळं झालेलं. अध्यक्ष आणि सदस्य निवडायला समिती आहे: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. कागदावर शिवण पक्की दिसते. पण पगाराचा पैसा मुख्यतः सरकारी अनुदानाचा, आणि बातम्या विभागात अधिकारी सरकारच्याच भारतीय माहिती सेवेतले. कापड ज्याचं, माप त्याचंच. बातम्यांत सरकारचं म्हणणं सविस्तर येतं; त्यावर विरोधक काय म्हणाले ते ऐकायला मात्र कान टवकारावे लागतात. बातमीपत्रांत आरडाओरडा नसतो, हे त्यांचं श्रेय आहेच.

माझे गुण: संगीताला पाचपैकी पाच, शेतीच्या कार्यक्रमांना चार (बोंडअळी धरून), बातम्यांना अडीच. ज्यांचे हात कामात अडकलेले असतात त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांना गाणं पुढे ढकलायची सवय आहे त्यांना जमणार नाही.

लायसन्स बंद होऊन जमाना झाला. वडिलांचं पुस्तक मी टाकलेलं नाही. त्यात मापांच्या चिठ्ठ्या छान सपाट राहतात.