माडगं की कण्या?

पौषातल्या गारठ्यात कोल्हापूरकडच्या घरात रात्री माडगं नाहीतर कण्या, दोन्हींपैकी एक हमखास चुलीवर चढतं. घाई असेल तर हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे पातळ पेज. हुलगे खमंग भाजून दळलेलं पीठ डब्यात तयार हवं, मग पंधरा मिनिटं पुरतात. चार चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात आधी कालवायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर वरचं पीठ लगेच शिजतं, आतलं कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. चार वाट्या पाण्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालून उकळी आणायची, कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडत ढवळायचं आणि आठ-दहा मिनिटं शिजवायचं. कच्चट वास राहिला तर भाजणीच कमी पडली समजा. गोड हवं तर लसणाऐवजी गूळ-सुंठ.

ज्वारीच्या कण्यांना, म्हणजे जाडसर भरडलेल्या ज्वारीला, सवड लागते: भरड चाळून पीठ काढा, नाहीतर खळ होते. वाटीला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास. ताक ताटातच घाला. उकळत्या कण्यांत फाटतं.

सर्दीला माडगं बरं वाटतं, पण पोटभरीला कण्याच, सोबत लसणाची चटणी हवीच.