अभ्रकाच्या जमिनीवरचा एदोबेई

पंचवीस वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा केली. त्यामुळे चेहऱ्याचं कुठलंही चित्र असो, माझी नजर आधी डोळ्यांच्या कडांवर जाते. तोक्योतल्या निशी-कासाईला लेकीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तिथल्याच मेजिरोजवळच्या, लाकडी ठशांची चित्रं छापणाऱ्या आदाची संस्थेतून शाराकू या अठराव्या शतकातल्या जपानी चित्रकाराचं एक चित्र घेतलं. मूळ जुना ठसा नव्हे. चेरीच्या लाकडाच्या फळ्या नव्याने कोरून, जुन्याच पद्धतीने हाताने छापलेली प्रत.

चित्रात आहे काबुकी या जपानी पारंपरिक नाटकाचा नट ओतानी ओनिजी तिसरा, याक्को (म्हणजे सामुराईचा नोकर) एदोबेईच्या भूमिकेत. १७९४ साली एदोतल्या (म्हणजे आजच्या तोक्योतल्या) कावाराझाकी-झा नाट्यगृहात हा प्रयोग झाला. दुसऱ्याजवळची रक्कम लुटायला आलेला गुंड आहे हा. तोंड घट्ट मिटलेलं, हनुवटी पुढे, डोळे नाकाकडे ओढलेले आणि कपड्यातून बाहेर आलेल्या दोन्ही हातांची बोटं फाकलेली. हात चेहऱ्याच्या मानाने लहान आहेत, पण सगळा हावरटपणा त्या बोटांतच आहे. काबुकीत ऐन क्षणी नट असा थिजून उभा राहतो, त्याला 'मिए' म्हणतात. तेव्हा बाजूला लाकडी ठोकळे फळीवर आपटतात. चित्र बघताना मला तो आवाज ऐकू येतो.

छपाईबद्दल काय सांगू! मागची काळी जमीन अभ्रकाची आहे. समोरून करडी दिसते, कागद जरा तिरका केला की पृष्ठभागभर चमक सरकते. दुकानातल्या बाईंनी कागद उलटा करून दाखवला. रंग मागपर्यंत झिरपलेला, आणि घासून छापताना उमटलेल्या गोल गोल खुणाही दिसत होत्या. ऑफसेटच्या पोस्टरमध्ये यातलं काहीच मिळत नाही, म्हणून पैसे जास्त वाटले नाहीत.

शाराकूने स्त्रीपार्टी नटही असेच काढले. सेगावा किकुनोजो तिसरा हा नट ओशिझू या बाईच्या वेशात आहे, पण जबडा पुरुषाचाच ठेवलाय. बालगंधर्वांचे फोटो बघत वाढलो मी. त्यांत पुरुष कुठे सापडू नये हीच सगळी कसब, म्हणून हे चित्र पहिल्यांदा बघून थबकलो. त्या काळच्या एदोतही कुणीतरी लिहून ठेवलंय, की अति खरं काढायला गेला म्हणून शाराकू फार टिकला नाही. सुमारे १० महिन्यांत १४० हून जास्त चित्रं काढून तो गायब झाला.

एक मात्र सांभाळा. पुण्यात परतल्यावर फ्रेमवाल्याने काच थेट कागदाला टेकवून बसवली. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यात अभ्रक काचेला चिकटलं, नखाएवढा ठिपका उडाला. कागद आणि काच यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवंच, आणि मागे डिंक मुळीच नको. आता बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या उलट्या भिंतीवर लावलंय. संध्याकाळी दिवा लागला की एदोबेईच्या मागची जमीन चमकायला लागते.