पाच उच्च श्रेणीचे इन-इअर इअरफोन: अनेक महिन्यांच्या वापरानंतरची क्रमवारी

क्रमवारी आधीच सांगून टाकतो. केवळ आवाजाच्या दर्जाचा विचार केला तर माझ्या यादीत ६४ ऑडिओचा यू१२टी पहिला, सेनहायझरचा आयई ९०० दुसरा, एटिमोटिकचा ईआर४एसआर तिसरा, सोनीचा आयईआर-झेड१आर चौथा आणि शुअरचा एसई८४६ पाचवा येतो. तिसरा आणि चौथा क्रमांक अनेकांना खटकेल, कारण ईआर४एसआरमध्ये प्रत्येक कानासाठी एकच ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) आहे, तर झेड१आरमध्ये तीन आहेत, आणि घडणीच्या थाटाबाबत तर या दोघांची तुलनाच होऊ शकत नाही. तरीही पाचही जोड्या अनेक महिने आलटून पालटून वापरल्यावर हा क्रम बदलावा असे मला वाटलेले नाही.

त्याचे कारण निकषात आहे. गाणाऱ्याचा गळा आणि वाद्याचा मूळ नाद किती शाबूत राहतो, हे मी सर्वांत आधी पाहतो. खर्जाचा जोर, बारीक तपशील आणि साउंडस्टेज (आवाज किती रुंद आणि खोल पसरल्यासारखा वाटतो) यांचा विचार त्यानंतर. ज्यांचे ऐकणे मुख्यतः इलेक्ट्रॉनिक संगीताचे आहे, त्यांनी झेड१आर उचलून थेट वर नेला तरी माझी हरकत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यामुळे उत्तरही वेगळे असणार.

इन-इअर इअरफोनांची तुलना करताना सर्वांत मोठी दिशाभूल आवाजाच्या पातळीतल्या फरकामुळे होते. दोनपैकी एक इअरफोन जेमतेम एक डेसिबलने मोठा वाजत असेल, तर तो ‘मोठा’ आहे हे आपल्या लक्षातच येत नाही; तो अधिक स्वच्छ, अधिक जिवंत वाटतो आणि आपण त्याला निर्धास्तपणे जास्त गुण देऊन मोकळे होतो. म्हणून प्रत्येक वेळी एका साध्या कपलरमध्ये (इअरफोन बसवून त्याचा आवाज मोजण्याच्या साधनात) पिंक नॉइज (सर्व पट्ट्यांतले स्वर मिसळलेला चाचणीचा खरखराट) वाजवून पातळी जुळवून घेतल्याशिवाय मी तुलना केली नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून करायची चाचणी मात्र इथे जवळजवळ अशक्य आहे, कारण कोणती जोडी घातली आहे हे कानाला स्पर्शानेच कळते. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो मार्ग काढला, तो म्हणजे एकाच इअरफोनवर इक्वलायझरच्या साहाय्याने इतर मॉडेलांच्या फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची (कोणता स्वर किती जोरात वाजतो याची) नक्कल करून श्रोत्यांचा कौल घेणे. घरी बसून ते जमणे कठीण आहे, तेव्हा पुढचे सर्व निष्कर्ष उघड्या डोळ्यांनी काढलेले आहेत हे गृहीत धरून वाचावे.

दुसरी अडचण फिटची आहे आणि ती पातळीच्या प्रश्नापेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. उघड्या कानाची नळी एका बाजूने बंद असते आणि साधारण तीन किलोहर्ट्झच्या आसपास आवाजाला नैसर्गिक उठाव देते. इअरफोन आत बसला की दुसरे तोंडही बंद होते, तो उठाव नाहीसा होतो आणि तो परत आणण्याचे काम इअरफोन बनवणाऱ्याला करावे लागते. त्याच वेळी नळीत उरलेल्या हवेच्या स्तंभाचा एक नवा अनुनाद वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्टीत तयार होतो. टिपच्या (कानात जाणाऱ्या मऊ टोपीच्या) टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंतचे अंतर २० मिलिमीटर धरले तर तो सुमारे साडेआठ किलोहर्ट्झला येतो. टिप आणखी आत गेली की तो वर सरकतो. एकाला ‘टोचरा’ वाटणारा ट्रेबल (उंच स्वरांचा भाग) दुसऱ्याला ‘मोकळा’ का वाटतो, याचे निम्मे उत्तर या काही मिलिमीटरांत आहे. खर्जाचे गणित याहून सरळ आहे: टिप आणि कानाची नळी यांच्यातले सील फुटले की खर्ज गळून जातो. जबडा हलला, हसू आले किंवा मान वळली तरी कानाच्या नळीचा आकार बदलतो, त्यामुळे बसल्याजागी पक्के वाटलेले सील चालताना तसेच राहील याची खात्री नसते. ३० हर्ट्झचा शुद्ध स्वर दोन्ही कानांत सारख्याच वजनाने येतो का, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही इअरफोनच्या खर्जावर मत देऊ नये.

आता यू१२टी. नावाप्रमाणे त्यात प्रत्येक बाजूला बारा बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर आहेत. हे ड्रायव्हर मुळात श्रवणयंत्रांसाठी विकसित झाले. त्यात चुंबकांमध्ये तोललेली एक चिमुकली पट्टी थरथरते आणि एका बारीक दांडीने ती हालचाल पडद्याला देते. वस्तुमान कमी असल्यामुळे ते चपळ असतात, पण हवा ढकलण्याची ताकद बेताची असल्यामुळे त्यांचा खर्ज अनेकदा कोरडा लागतो. यू१२टी या मर्यादेच्या बऱ्याच पुढे गेला आहे. तबल्याच्या डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने काढलेली मींड मी प्रत्येक जोडीवर ऐकली, कारण त्यात आघात, घुमारा आणि वर चढत जाणारा स्वर या तिन्ही गोष्टी एकाच क्षणात सापडतात. यू१२टीवर आघाताची कड स्पष्ट येते, स्वराचा प्रवास अखंड ऐकू येतो आणि तो घुमारा तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेवर चढत नाही. दोन्ही एकाच पट्टीत वाजत असूनही वेगळे राहतात, आणि हे इतक्या सफाईने उरलेल्या चारांपैकी एकाही जोडीला जमत नाही.

गळ्याच्या बाबतीत तो किंचित उबदार आहे. वरच्या मध्यम पट्टीत त्याने थोडा हात आखडता घेतला आहे, त्यामुळे स्त्री-आवाज क्वचित एक पाऊल मागे उभा राहिल्यासारखा वाटतो. चोखंदळ श्रोत्याला तेवढी खोट काढता येईल. मला ती तडजोड मान्य आहे, कारण त्यामुळे तासन् तास ऐकूनही कान शिणत नाहीत आणि सर्वांत वरच्या पट्टीतला मोकळेपणा मात्र कुठेही कमी होत नाही. त्याच्या बदलता येणाऱ्या एपेक्स मॉड्यूलचा उल्लेख करायलाच हवा. बंद कानात साचणारा हवेचा दाब ते बाहेर सोडते. एम२० बाहेरचा आवाज सुमारे २० डेसिबलने अडवते, एम१५ सुमारे १५ डेसिबलने. एम१५ लावल्यावर खर्ज थोडा उतरतो आणि एकंदर मांडणी मोकळी होते. शांत खोलीत मी बहुतेक वेळा एम१५ वापरतो.

आयई ९०० हा अगदी उलट विचाराचा इअरफोन आहे. बारा सोडाच, यात ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक (छोट्या लाउडस्पीकरसारखा) ड्रायव्हर आहे आणि बाकी सगळे काम ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेल्या देहाच्या आत होते. नको असलेले अनुनाद शोषून घेण्यासाठी तिथे तीन छोट्या पोकळ्या ठेवलेल्या आहेत. सगळा आवाज एकाच पडद्यातून येत असल्यामुळे त्यात एकसंधपणा आहे आणि पियानोवर तो लगेच जाणवतो: डाव्या हाताच्या जाड तारांपासून उजव्या हाताच्या शेवटच्या पट्ट्यांपर्यंत वाद्य कुठेही सांधलेले वाटत नाही. खोल खर्जाला शरीर आहे आणि हातोडी तारेवर पडल्याचा क्षण खराखुरा आहे. मग पहिला क्रमांक का नाही? कारण खर्ज आणि ट्रेबल दोन्ही उचललेले असल्यामुळे मधला भाग तुलनेने मागे राहतो, आणि ज्या ध्वनिमुद्रणात ‘स’, ‘श’ आधीच धारदार आहेत तिथे ती धार आणखी वाढते. चांगल्या ध्वनिमुद्रणावर तो अनेकदा यू१२टीच्या पुढे जातो. सामान्य ध्वनिमुद्रणावर तो त्याचे दोष चव्हाट्यावर आणतो. आकार आणि वजन मात्र इतके कमी की घातल्याचा विसर पडतो.

एटिमोटिकबद्दल सविस्तर लिहिण्याची गरज आहे, कारण अशा क्रमवारीत त्याला बहुधा आदराने नमस्कार करून बाजूला ठेवले जाते. ईआर४ ही मालिका १९९१पासूनची आहे आणि २०१६मध्ये आलेला एसआर हा तिचाच वारस आहे. एक बॅलन्स्ड आर्मेचर, तीन थरांची टिप, आणि ती टिप कानात जितकी खोल जायला हवी तितकी खोल घालण्याची तयारी असणारा श्रोता, एवढीच त्याची सामग्री. पहिल्या काही आठवड्यांत ही खोली नकोशी वाटते. टिप किंचित ओली करून, कान वर आणि मागे ओढून ती बसवावी लागते आणि काढताना हळूहळू, फिरवत काढावी लागते. एकदा सवय झाली की बाहेरचे जग जवळजवळ बंद होते. कंपनी ३५ डेसिबलहून अधिक आवाज अडवल्याचे सांगते आणि अनुभव त्याला धरून आहे. याचा एक प्रत्यक्ष फायदा असा, की गोंगाटातही आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे, आणि जास्त ऐकणाऱ्याला ती पाळणे या इअरफोनने सर्वांत सोपे जाते.

आवाजाचे म्हणाल तर तानपुऱ्याची जवारी या पाचांत ईआर४एसआरवर सर्वांत खरी वाटते. तार छेडल्यावर वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, गंधार आपोआप वर येतो आणि पुन्हा विरतो. हा सगळा व्यवहार मध्यम आणि वरच्या मध्यम पट्टीत होतो आणि तिथे हा इअरफोन काडीचीही भर घालत नाही. गाणाऱ्याचा श्वास, स्वर लावण्याआधीची सूक्ष्म तयारी, खालच्या सप्तकात आवाजाला येणारी किंचित खर, हे सगळे जागच्या जागी असते. उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. खर्ज अचूक असला तरी त्याला धक्का नाही, डग्ग्याची मींड ऐकू येते पण छातीत उतरत नाही, आणि साउंडस्टेज डोक्याच्या आतच मावतो. वाद्यवृंदाची भव्यता हवी असेल तर हा इअरफोन निराशा करील.

नेमकी तीच भव्यता झेड१आरकडे ओसंडून आहे. १२ मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर, एक बॅलन्स्ड आर्मेचर आणि सर्वांत वरच्या पट्टीसाठी ५ मिलिमीटरचा आणखी एक डायनॅमिक ड्रायव्हर अशी त्याची रचना आहे. खोल खर्जाची गुणवत्ता पाहिली तर तो या यादीत निर्विवाद पहिला आहे. मोठ्या ढोलाचा आघात विरत जातानाची लांबी आणि खोली याच्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नाही. झांजांची चमक, सभागृहाचा अवकाश, वाद्यांमधले अंतर, सगळेच थक्क करणारे. पण गळा लागला की माझा उत्साह ओसरतो, कारण वरची मध्यम पट्टी दबलेली असल्यामुळे गायक आपल्याच साथीदारांच्या मागे उभा राहून गातो आहे असे वाटत राहते. शिवाय त्याचा झिरकोनियम मिश्रधातूचा देह मोठा आणि जड आहे. लहान कानाला तो नीट बसत नाही, आणि जो नीट बसत नाही त्याचा खर्ज कितीही उत्तम असला तरी उपयोग काय?

शुअरचा एसई८४६ हा २०१३चा इअरफोन आणि चार बॅलन्स्ड आर्मेचरांतून इतका भरीव खर्ज काढणे ही त्या काळात मोठीच कामगिरी होती. त्यासाठी आत पोलादी पातळ पत्र्यांच्या थरांतून आवाजाची लांबलचक वाट काढून यांत्रिक लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारा) बनवला आहे, आणि नॉझलमधले फिल्टर बदलून वरची पट्टी थोडी कमी-जास्त करता येते. मात्र सर्वांत उजळ फिल्टर लावूनही ट्रेबलचे टोक लवकर संपते. व्हायोलिनच्या गजाची घसट झाकली जाते आणि जवारीची झळाळी मंदावते. त्याचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ९ ओहम इतका कमी आहे आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे तो बदलतोही, त्यामुळे ज्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल त्यावर त्याचा स्वभावच पालटतो. अतिशय संवेदनशील असल्यामुळे शांत जागी पार्श्वभूमीचा ‘हिस्स’ आवाजही तो ऐकवतो. यू१२टीचा इम्पीडन्सही कमीच आहे, पण तो सर्व पट्टीत सपाट राहील अशी तजवीज त्यात केलेली असल्यामुळे फोनला लावायच्या साध्या डोंगलवरही त्याचा तोल ढळत नाही. ईआर४एसआर ४५ ओहमचा आहे. त्याला थोडी अधिक ताकद द्या, बाकी काही लागत नाही.

इक्वलायझर वापरला तर ही क्रमवारी बदलते का, याचे उत्तर ‘थोडीशी’ असे आहे. झेड१आरची तीन किलोहर्ट्झच्या आसपासची पट्टी दोन-तीन डेसिबलने उचलली की गायक पुढे येतो आणि तो तिसऱ्या क्रमांकावर हक्क सांगू लागतो. ईआर४एसआरला १०० हर्ट्झच्या खाली चार डेसिबल दिले तर खर्ज भरतो, पण साउंडस्टेज आहे तेवढाच राहतो. एसई८४६चा ट्रेबल उचलून फारसे हाती लागत नाही. जिथे ड्रायव्हरच थकलेला आहे तिथे उचलण्यासारखे काही उरत नाही.

महिनोन् महिने वाजवल्याने इअरफोन ‘खुलतो’ असा एक समज आहे. माझ्या कपलरच्या मापनांत पाचांपैकी एकातही तसा बदल दिसला नाही. बदल झाला तो टिप आणि फिल्टर यांत. सिलिकॉन सैलावले की खर्ज पातळ होतो, फोमची टिप जुनी झाली की दाबल्यावर पुरती फुलत नाही, आणि ईआर४एसआरच्या बारीक फिल्टरवर कानातला मळ बसला की आधी एका बाजूचा ट्रेबल मंदावतो व गायक मध्यावरून हळूच बाजूला सरकतो. हा इअरफोनातला बिघाड आहे असे वाटण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून दुरुस्तीला देण्याआधी दोन्ही बाजूंचे फिल्टर बदलून पाहावेत. इथली शेवटची तुलना पाचही जोड्यांना नव्या टिप आणि जिथे लागू आहेत तिथे नवे फिल्टर लावूनच केली आहे.