फोटोमॅथ : गृहपाठाच्या वहीशेजारी ठेवण्याजोगे ॲप

गणिताचे उदाहरण कॅमेऱ्यासमोर धरताच उत्तर आणि उत्तरापर्यंतच्या पायऱ्या दाखवणारे फोटोमॅथ हे ॲप २०१४ साली आले. क्रोएशियात तयार झालेल्या या ॲपची मालकी आता गूगलकडे आहे. छापील आणि हाताने लिहिलेली अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे ते वाचते, समीकरणे सोडवते, आलेख काढून दाखवते आणि अनेक ठिकाणी एकाच उदाहरणाच्या दोन-तीन रीतीही समोर मांडते. साधन म्हणून ते उत्तम आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो गृहपाठ करताना ते केव्हा उघडावे, एवढाच.

३(क्ष − २) = २क्ष + ५ हे समीकरण घ्या. कंस सोडवताना ३ ने फक्त क्ष ला गुणण्याची चूक नवशिक्या विद्यार्थ्यांकडून हमखास होते आणि क्ष = ७ असे उत्तर येते. फोटोमॅथ ११ हे बरोबर उत्तर देते. आता ७ खोडून ११ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही बिनचूक दिसेल, पण पुढच्या कंसाशी तो पुन्हा तिथेच अडखळेल. याउलट ज्याने आपली पायरी ॲपमधील पायरीशी ताडून पाहिली, त्याला ३क्ष − २ च्या जागी ३क्ष − ६ हवे होते हे नेमके कळते. ॲप तेच आणि उत्तरही तेच; फरक एवढाच, की दुसऱ्याने ते उघडण्यापूर्वी स्वतः उदाहरण सोडवले होते.

आधी स्वतः आठवून पाहण्याचे महत्त्व हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही दिसते. मजकूर पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पाच मिनिटांनंतर अधिक आठवला. मात्र आठवड्यानंतर, वाचनाऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे निघाले. प्रयोग गणिताचा नव्हता, हे मान्य. तरीही दुसऱ्याने सोडवलेल्या पायऱ्या वाचून ‘समजले’ असे वाटणे आणि परीक्षेत कोऱ्या कागदावर त्या स्वतः मांडता येणे यांतील अंतर त्यावरून लक्षात यावे. गृहपाठ गांभीर्याने घ्यायचा तो याच कारणासाठी. वर्गात शिक्षकांनी फळ्यावर सोडवलेले उदाहरण सोपेच वाटते. ते आपल्याला येते की नाही, हे घरी मदतीविना बसल्यावरच उमगते.

शाब्दिक उदाहरणांत खरी कसोटी समीकरण मांडण्याची असते. कोणती राशी क्ष मानायची, कोणत्या वाक्यातून बेरीज निघते आणि कोणत्यातून वजाबाकी, हा विचार विद्यार्थ्यानेच करायला हवा. समीकरण मांडून झाल्यावर पडताळ्यासाठी फोटोमॅथ खुशाल वापरावे. भूमितीतील सिद्धतांसाठी मात्र या ॲपच्या भरवशावर राहू नये.

अगदी लहान मुलांच्या हाती ते द्यावे असे मला वाटत नाही. गृहपाठ आणि शैक्षणिक प्रगती यांच्यावरील संशोधनाचा हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जो आढावा घेतला, त्यात हा संबंध सातवीपासून पुढच्या वर्गांत अधिक ठळक आढळला होता. फोटोमॅथचाही खरा उपयोग त्याच वर्गांत, बीजगणित सुरू झाल्यावर आहे. शिवाय ज्या घरी गणित समजावून सांगणारे कोणी नाही, तिथे रात्री अडलेल्या मुलाला पुढची पायरी दाखवणारे हे साधन मोलाचे ठरते, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी नजरेआड करू नये.

शिक्षकांनी ॲपवर बंदी घालण्यापेक्षा गृहपाठाची मागणी थोडी बदलावी. नुसत्या उत्तराऐवजी पहिला प्रयत्न न खोडता ठेवायला सांगावे आणि चूक कोणत्या ओळीत झाली ते शेजारी एका वाक्यात लिहून घ्यावे. ते वाक्य लिहिण्यासाठी विद्यार्थ्याला ॲपमधील पायऱ्या वाचाव्याच लागतील, आणि तसा वापर होणार असेल तर फोटोमॅथची मी निःसंकोच शिफारस करतो.